पहिली रोडबाइक: तीस हजारांत काय घ्यावं, काय सोडावं

या अंकासाठी घेतलेली सगळी पत्रं एकाच विषयावरची आहेत. रोडबाइक (खाली वाकलेल्या हँडलची, बारीक टायरची सायकल) घ्यायची आहे, ती पहिलीच आहे आणि खिसा जपायचा आहे. उत्तरांतल्या किमती अंदाजे आहेत; शहर, दुकान आणि सवलतीप्रमाणे त्या इकडेतिकडे होतील.

माझ्याकडे ३०,००० रुपये आहेत. रोज २५-३० किलोमीटर आणि रविवारी दिवे घाट चढून सासवड, असा बेत आहे. दुकानात सात गिअरची नवी रोडबाइक २९,००० ला मिळतेय. घेऊन टाकू का? (हडपसर, पुणे)

२९ हजारांची सायकल ३० हजारांत बसत नाही. ती दुकानातून बाहेर पडते तेव्हा सोबत पंप नसतो, हेल्मेट नसतं, दिवे नसतात. आधी हा खर्च कागदावर मांडा. हेल्मेट दीड ते दोन हजार, पुढचा-मागचा दिवा मिळून बाराशे, हवेचा दाब दाखवणारा उभा पंप बाराशे ते दीड हजार, दोन जादा ट्यूब सातशे, टायर काढायचे प्लास्टिकचे लिव्हर आणि पंक्चरचं सामान दोनशे, एल-कींचा (षट्कोनी टोकाच्या चाव्यांचा) संच चारशे, कुलूप सहाशे, बाटली आणि तिचा पिंजरा साडेतीनशे. बेरीज सहा-सात हजारांवर जाते. यातलं हेल्मेट, दिवे आणि पंप पहिल्या दिवसापासून लागतात. म्हणजे सायकलसाठी तुमच्या हातात खरे २३ हजार आहेत.

आता घाटाचं. माउलींची पालखी चढते तोच हा दिवे घाट. तो नवशिक्याच्या पायांनी चढायचा असेल तर ब्रँडच्या आधी दातांचा हिशोब बघा. पुढच्या चक्रीचे दात भागिले मागच्या सर्वांत मोठ्या चक्रीचे दात, आणि त्याला चाकाच्या परिघाने, म्हणजे साधारण २.१ मीटरने गुणायचं. पायडलच्या एका फेरीत सायकल किती पुढे जाते ते कळतं. पुढे एकच ४२ दातांची चक्री आणि मागे २८ असेल तर एका फेरीला ३.१५ मीटर. चढावर तुमचा वेग ताशी ८ किलोमीटरवर आला की मिनिटाला जेमतेम ४२ फेऱ्या पडतील. इतक्या सावकाश फेऱ्यांत सगळा जोर गुडघ्यांवर येतो. तेच पुढे ५०-३४ अशा दोन चक्र्या आणि मागे ११ ते ३२ दातांच्या चक्र्या असतील, तर ३४ भागिले ३२ म्हणजे १.०६, एका फेरीला सव्वादोन मीटर. त्याच वेगात मिनिटाला साठ फेऱ्या मारता येतात. बसल्या बसल्या घाट चढता येणं आणि मध्येच उतरून सायकल ढकलणं, यांच्यातला फरक एवढाच आहे.

दुकानातल्या त्या सायकलवर आणखी दोन गोष्टी तपासा.

पहिली मागच्या चाकात. चाक धरून ठेवा, पायडल उलटं फिरवा आणि आसाजवळ, चक्र्यांच्या मधोमध, पाना बसायच्या खाचा दिसतात तिकडे बघा. खाचा चक्र्यांबरोबर फिरत असतील तर ती कॅसेट आहे, म्हणजे हबवर (चाकाच्या मधल्या नळीवर) सरकवून बसवलेला चक्र्यांचा संच. चक्र्या फिरतात पण खाचा जागच्या जागी राहतात, असं असेल तर ते हबवर आट्यांनी बसवलेलं फ्रीव्हील आहे. सात गिअरच्या फ्रीव्हीलमध्ये उजवीकडचं बेअरिंग बरंच आत राहतं आणि आसाचा लांब तुकडा आधाराशिवाय बाहेर येतो. वजनदार माणूस, मागे सामान आणि खड्डा एकत्र आले की आस तिथेच वाकतो किंवा तुटतो. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग टोकाजवळ असतं, त्यामुळे हे दुखणं सहसा होत नाही.

दुसरी गोष्ट गिअरच्या खटक्याची. गिअर बनवणाऱ्या शिमानो कंपनीची उतरंड खालून वर टूर्नी, क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५ अशी आहे. टूर्नीच्या रोड लिव्हरला एका दिशेचा गिअर अंगठ्याने दाबायच्या बटणावर असतो आणि हँडलच्या खालच्या वाकात हात असताना अंगठा तिथे पोचत नाही. आठ गिअरच्या क्लॅरिसमध्ये दोन्ही दिशांचे खटके ब्रेकच्या लिव्हरपाशीच असतात, ब्रेकवरची बोटं न काढता गिअर बदलतो. उतारावर, वाहतुकीत, याचं मोल कळतं. शिवाय आठ गिअरची चेन आणि कॅसेट अजून स्वस्त आहे: दोन्ही मिळून दोन हजारांच्या आसपास.

हे खटके आणि चाकं नंतर बदलायला गेलात तर सायकलच्या किमतीचा मोठा हिस्सा त्यातच जातो, म्हणून पैसे इथे घालावेत. कार्बनचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), डिस्क ब्रेक, एखाद-दीड किलो कमी वजन यांच्यावर या बजेटात एक रुपयाही जादा देऊ नये. साधा, नीट लावलेला रिम ब्रेक पुरतो.

तेव्हा आमचं मत असं: २३ हजारांत वापरलेली, क्लॅरिस गिअरची, अ‍ॅल्युमिनियम चौकटीची सायकल शोधा. वापरलेली नकोच असेल तर तीन-चार महिने थांबून आणखी दहा-बारा हजार साठवा. भाव विचारताना भावपत्रक कधीचं आहे तेही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे.

पाच वर्षं वापरलेली क्लॅरिसची सायकल १८,००० ला सांगतायत. बघायला जाताना काय न्यावं आणि काय बघावं? (डोंबिवली)

३० सेंटिमीटरची स्टीलची पट्टी, टॉर्च, ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या एल-की आणि एक जुनं फडकं. जायचं दिवसाउजेडी. ट्यूबलाइटखाली रंगाखालचा पोचा दिसत नाही.

आधी चौकट, कारण ती बिघडलेली असेल तर पुढचं काहीच बघायची गरज नाही. हँडलच्या नळीतून जी जाड नळी तिरकी खाली जाते, तिच्या खालच्या अंगाने अंगठा सरकवत न्या. हँडलच्या मागे बोटभर अंतरावर सुरकुती किंवा फुगवटा लागला, तिथे रंगाला आडवी चीर दिसली, तर ही सायकल समोरून कशावर तरी आदळलेली आहे. तिथूनच परत फिरा. मग क्रँकच्या (पायडलच्या दांड्याच्या) भोवतीचे जोड, सीटखालचा जोड आणि मागच्या चाकाचा आस बसतो ती जागा फडक्याने पुसून टॉर्चने बघा. ओरखडा आणि तडा यांत गल्लत होते. नख फिरवून बघा, तड्यात ते अडकतं आणि तड्याची रेघ बहुधा वेल्डच्या कडेकडेने जाते. कार्बनची चौकट या भावात कोणी देत असेल तर बघूच नका, आतलं नुकसान डोळ्यांना दिसत नाही.

सीटचा बोल्ट सैल करून सीटची दांडी दोन बोटं वरखाली करून पाहा. वर्षानुवर्षं ग्रीस न लावलेली दांडी घाम आणि पावसाने नळीत चिकटून बसते. ती ओढून निघाली नाही, तर उंची तुमच्या मापाला कधीच बसणार नाही.

पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल मागेपुढे हलवा. हँडलच्या बुंध्याशी ‘टक टक’ लागलं तर हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, सैल आहे, तो पाच मिनिटांत आवळता येतो. पण पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवताना ते अगदी मधोमध खाचेत पडल्यासारखं अडकलं, तर बेअरिंगला खड्डे पडलेत. ते बदलावं लागेल. क्रँक धरून आत-बाहेर ढकला, तिथे खेळ नको. चाकं फिरवून रिम आणि ब्रेकच्या रबराच्या मधली फट बघा. एखाद मिलिमीटरचं आऊट कोणताही मिस्त्री काढून देईल. रिमच्या ज्या पट्ट्यावर रबर घासतं त्यावर पट्टीची कड आडवी ठेवा. खाली उजेड दिसला, म्हणजे पट्टा वाटीसारखा आत गेलाय आणि रिम संपत आलीये. मुंबई-ठाण्याच्या पावसात चिखलमाती रिम अक्षरशः खरवडते, त्यामुळे तुमच्या भागातल्या सायकलींत हे हमखास बघावं.

मागून सायकलकडे बघा. गिअर बदलणारा डिरेलरचा लोंबता पिंजरा चक्र्यांना समांतर हवा. तो खालून चाकाकडे झुकला असेल तर हँगर, म्हणजे डिरेलर अडकवायचा चौकटीवरचा तुकडा, वाकलाय. सायकल उजव्या अंगावर पडली की हे होतं. तसंच चालवून सर्वांत मोठ्या चक्रीवर गिअर टाकला, तर पिंजरा स्पोकमध्ये जाऊ शकतो आणि मग चाक, डिरेलर, हँगर तिन्ही जातात. हँगर स्वतः चार-पाचशेचा असतो, पण त्याच मॉडेलचा मिळतो का, ते घेण्याआधी विचारून घ्या.

आता चेन. एका पिनेच्या मध्यावर पट्टीचा शून्य ठेवा आणि ती पिन सोडून पुढच्या वीस पिना मोजा. नव्या चेनमध्ये विसावी पिन बरोबर २५४ मिलिमीटरवर येते. ती २५५.३ च्या पुढे असेल तर चेन बदलायला झाली. २५६.५ पर्यंत गेली असेल तर त्या चेनने कॅसेटचे दातही खाल्लेत. नुसती चेन नवी टाकलीत तर जोर लावताच ती दातांवरून उड्या मारेल.

शेवटी एखाद्या चढावर, जोर लावून, सगळे गिअर टाकून बघा. स्टँडवर उभी करून हाताने फिरवलं की सगळेच गिअर छान पडतात.

मग हिशोब कागदावर, विकणाऱ्याच्या समोर. टायरच्या बगलेला चिरा असतील तर दोन टायरचे अडीच हजार, चेन-कॅसेटचे दोन हजार, केबल आणि हँडलची टेप हजार, ब्रेकची रबरं पाचशे. सहा हजारांचं काम निघत असेल तर १८ हजारांची सायकल २४ ला पडते, आणि हा आकडा बोलून दाखवायला संकोच करू नये. व्यवहार ठरला की क्रँकच्या खाली चौकटीवर कोरलेला क्रमांक मूळ बिलाशी ताडून बघा. बिल नसेल तर क्रमांक, तारीख आणि रक्कम लिहून विकणाऱ्याची सही घ्या, सोबत ओळखपत्राची प्रत. सही करायला जो कां कू करतो, त्याच्याकडून घेऊ नये.

माझी उंची पाच फूट एक इंच. दुकानदार म्हणतो ५२ सेंटिमीटरची चौकट शिल्लक आहे, सीट खाली घेतली की झालं. चालेल का? (नाशिक)

नाही चालणार. सीट खाली घेऊन उंची जुळते, पुढची लांबी तशीच राहते.

घरी माप घ्या. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये, कणा वर करून, सीटवर बसल्यासारखं घट्ट वर दाबायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. हे माप ७२ सेंटिमीटर आलं असं धरू. त्याला ०.६६ ने गुणलं की चौकटीचा अंदाज ४७-४८ येतो आणि ०.८८३ ने गुणलं की क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची ६३.५ सेंटिमीटर. कंपन्या माप वेगवेगळ्या जागांवरून घेतात, म्हणून आकड्याला चिकटून न राहता सायकलवर बसून बघाच. आडवी नळी पायांमध्ये घेऊन उभं राहिल्यावर दोन-तीन सेंटिमीटर मोकळे हवेत, आणि ब्रेकच्या मुठींवर हात ठेवल्यावर कोपर किंचित वाकलेलं हवं. हात ताठ होत असतील तर अर्ध्या तासात मानेला रग लागते आणि तळहात बधिर होतात.

हँडल धरणारा स्टेम १०० ऐवजी ८० मिलिमीटरचा घालून दोन सेंटिमीटर कमी करता येतात. त्यापलीकडे सायकल वळताना चंचल होते. दोन गोष्टी मात्र दुकानदाराकडून आवर्जून करून घ्या. ब्रेकचे लिव्हर हँडलच्या जवळ आणण्याची सोय बहुतेक मॉडेलमध्ये असते, लहान पंजाला ती लागते. आणि हँडलची रुंदी तुमच्या खांद्यांएवढी, ३८ किंवा ४० सेंटिमीटर असावी.

लहान चौकटीत सावकाश वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. तो दोष नव्हे, रोडबाइकच्या मोठ्या, ७०० मापाच्या चाकांमुळे ते होतंच. वेगात असताना चाक तेवढं वळत नाही.

२०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) करायची आहे. माझ्याकडे हायब्रिड, म्हणजे सरळ हँडलची सायकल आहे. रोडबाइक घ्यावीच लागेल का? (नागपूर)

मुळीच नाही. २०० च्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी १५ किलोमीटरही लागत नाहीत. हायब्रिडला ३२ मिलिमीटरचे गुळगुळीत टायर आणि हँडलच्या टोकांना बार-एंड (धरायच्या छोट्या मुठी) लावा, म्हणजे हात बदलायला जागा मिळते. दोन-अडीच हजारांत काम होतं. उरलेल्या पैशांतून चांगले दिवे आणि परावर्तक जॅकेट घ्या. ३०० ला वीस तास असतात, त्यात रात्र येतेच. तिथून पुढे रोडबाइकचा विचार करा.

ऑनलाइन १३,००० ला ‘२१ गिअर, डबल डिस्क रोडबाइक’ दिसतेय. कशी आहे? (लातूर)

वाकडं हँडल लावलेली जड सायकल असते ती बहुधा. चौकट लोखंडी, वजन पंधरा-सोळा किलो, मागे फ्रीव्हील, गिअरचे खटके हँडलच्या मध्यावर, म्हणजे दर गिअरला हात ब्रेकवरून काढायचा. आकाराच्या जागी टायरवर ६२२ हा आकडा आहे का बघा. नसेल तर चाकंही रोडबाइकची नाहीत. १३ हजारांत साधी, बिनगिअरची किंवा सात गिअरची, सरळ हँडलची सायकल याहून कितीतरी चांगली मिळते.

मागवलीच असेल तर जोडताना फोर्क उलटा बसवू नका. खोक्यात तो वळवून ठेवलेला असतो आणि घरी जोडणारे तो तसाच आवळतात. फोर्कची टोकं पुढे झुकलेली हवीत.

वापरलेली सायकल घेतली, २५ मिलिमीटरचे टायर आहेत. आठवड्याला दोन पंक्चर. टायर बदलू की ट्यूब? (मोहोळ, सोलापूर)

आधी भोक कुठे आहे ते बघा. टायर बसवताना त्यावरचं कंपनीचं नाव व्हॉल्व्हच्या समोर आणायची सवय लावा. मग ट्यूबमधलं भोक टायरच्या कोणत्या जागेचं, ते लगेच सापडतं.

शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर हवा कमी होती. खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटली. ७० किलोच्या माणसाला २५ च्या टायरमध्ये ८५ ते ९५ पीएसआय हवी, २८ च्या टायरमध्ये ७० ते ८०. बारीक ट्यूबमधली हवा चार दिवसांत जाणवेल इतकी उतरते, म्हणून पंप घरी हवा. पंक्चरवाल्याकडे भरायची तर बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हवर बसणारं पितळी अडॅप्टर खिशात ठेवा, तीस-चाळीस रुपयांना मिळतं. व्हॉल्व्हच्या टोकाची चकती आधी सैल करायची, हे त्यालाही सांगा.

भोक आतल्या अंगाला, रिमकडे असेल तर रिमवरची पट्टी सरकली आहे आणि स्पोकच्या भोकाची कड ट्यूबला कापते. पट्टी बदला, शंभर रुपयांचं काम.

बाहेरच्या अंगाला एकच बारीक भोक असेल, आणि तुमच्या भागात तेच जास्त असणार, तर तो सराटा किंवा बाभूळ. सराटे रस्त्याच्या कडेच्या मातीत असतात, तेव्हा गाडीला वाट द्यायला डांबरावरून खाली उतरलात की थांबून टायर बघा. काटा काढल्यावरही त्याचं टोक टायरमध्ये मोडून राहतं आणि नवी ट्यूब त्याच संध्याकाळी बसते. बोट फिरवून ते कळत नाही. कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवा, जिथे तंतू अडकेल तिथे टोक आहे. बाहेरून दाबून सुईने काढा.

टायर घ्यायचेच झाले तर आत काटारोधक पट्टा असलेले २८ चे घ्या. पण आधी चौकट, फोर्क आणि ब्रेकपाशी सध्याच्या टायरच्या सगळीकडून किमान चार-पाच मिलिमीटर जागा दिसली पाहिजे.

नवी सायकल, तीन आठवडे झाले. डाव्या पायाच्या प्रत्येक फेरीला ‘कट’ असा आवाज येतो. दुकानदार म्हणतो चालवा, बसेल. (सांगली)

चालवू नका. डावा क्रँक सैल झाला असण्याची शक्यता मोठी आहे. स्वस्त सायकलींत क्रँकचं चौकोनी भोक आसाच्या चौकोनी टोकावर दाबून बसवलेलं असतं. आस पोलादी आणि क्रँक अ‍ॅल्युमिनियमचा. सैल असताना चालवलं की पोलाद त्या चौकोनाचे कोपरे गोल करतं, आणि एकदा ते गोल झाले की कितीही आवळा, क्रँक सैलच होणार. मग नवाच घ्यावा लागतो.

क्रँकवरचं झाकण काढा. आतला बोल्ट ८ मिलिमीटरच्या एल-कीने किंवा १४ च्या सॉकेटने घट्ट आवळा. चाळीस न्यूटन-मीटरच्या आसपास लागतं, म्हणजे छोट्या एल-कीने होणार नाही, हातभर लांब दांडा घ्या. आवाज थांबला नाही तर पायडल बघा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या उलट दिशेने घट्ट होतं. काढून, आट्यांना ग्रीस लावून, सुरुवातीचे दोन-तीन फेरे हातानेच बसवा. हाताने जात नसेल तर तिरकं चाललंय. पान्याने रेटलंत तर क्रँकचे आटे जातील. दोन्ही बोल्ट आणि दोन्ही पायडल पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा. पहिल्या महिन्याची मोफत सर्व्हिस असेल तर तीही याच कामासाठी वापरा, नुसती धुऊन-पुसून परत घेऊ नका.